गंधकाची गाठ

त्या रविवारची सकाळ शालनबाईंनी लेकीच्या स्वयंपाकघरातल्या भाकरीच्या यंत्राला नावं ठेवण्यात घालवली.

"गोल हाय, पातळ हाय, पापुद्राबी सुटलाय," भाकरी उलटीसुलटी करून बघत त्या म्हणाल्या. "पन कुनाचा हात लागल्यागत वाटत न्हाई."

"मग खाऊ नकोस."

"खातो की. पावन्याच्या घरी काय मिळंल ते गोड मानून खायाचं असतं."

"मी पाहुणी आहे होय गं तुझी?"

"पुन्याला ऱ्हानारं समदं पावनंच."

रेवती हसली. आई पुण्याला आली की घराला आवाज यायचा. शालनबाई बाल्कनीतल्या खुर्चीत बसल्या होत्या आणि मांडीवर पसरलेल्या जुन्या लुगड्याच्या घडीवर त्यांची जट टेकवलेली होती. मनगटाएवढी जाड, वाळल्या चिंचेच्या रंगाची, उभ्या राहिल्या तर गुडघ्याखाली जाणारी. रेवती लहान असल्यापासून ती जट तिथं होती. शिरगुंडी गावात लोक आधी जटेला हात जोडत आणि मग शालनबाईंची खुशाली विचारत. डोंगरावरच्या देवीनं जिला आपलं म्हटलं तिच्या केसांत जट येते, आणि जटेला वस्तरा लावला की कोप होतो, हे गावात सूर्य उगवण्याइतकं पक्कं होतं.

शालन चौगुलेंची एकुलती एक लेक केसांची शास्त्रज्ञ झाली, याचं कारण दुसरं काही नव्हतं.

गेले काही महिने शालनबाईंचं डोकं दुखत होतं. मेंदूतली एखादी रक्तवाहिनी फुगली असावी असा डॉक्टरांना संशय होता. तपासणीसाठी डोक्यावर संवेदकांची टोपी बसवावी लागे आणि ती कातडीला थेट टेकावी लागे. जट कापायची नाही, फक्त मुळाशी थोडी विलग करायची, असं कबूल करून घेऊन शालनबाई तयार झाल्या होत्या. तपासणी उद्या, सोमवारी होती.

"ते तुजं मशीन दावनार हुतीस न्हवं?" जेवता जेवता त्यांनीच विषय काढला.

रेवतीनं आपल्या डोक्यातला एक केस उपटून बोटांत ताणून धरला. जटा सोडवण्याच्या प्रचारसभांमधून शंभरदा सांगितलेलं ती आईला पहिल्यांदाच सांगत होती, आणि आई विचारतेय याचंच तिला अप्रूप होतं.

केस म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाच्या लांबलचक साखळ्या. साखळ्यांचे पीळ, पिळांचे दोर, दोरांचं दोरखंड. एका साखळीला शेजारच्या साखळीशी धरून ठेवणारे बंध तीन जातींचे. पहिला हायड्रोजनचा. संख्येनं उदंड, ताकदीनं यथातथा. पाणी लागलं की सुटतो आणि वाळताना जिथं असेल तिथं पुन्हा बसतो. म्हणून ओल्या केसांची वेणी घालून निजलं की सकाळी केसांना लाटा येतात आणि पुढच्या न्हाण्याला निघून जातात. दुसरा विरुद्ध भारांच्या ओढीचा, मिठात असतो तसा; आंबटानं, साबणानं ढिला पडणारा. तिसरा गंधकाचा. एका साखळीवरचा गंधकाचा अणू दुसरीवरच्या गंधकाला घट्ट धरतो. केस जळला की येणारा वास या गंधकाचा. ही गाठ पाण्याला दाद देत नाही, साबणाला देत नाही. ती रसायनानंच सोडवावी लागते आणि रसायनानंच परत बांधावी लागते. सरळ केस कायमचे कुरळे करून देणारी पार्लरं हेच करत आली.

"आमचं यंत्र केसावर प्रकाशाची बारीक रेघ टाकतं," रेवती म्हणाली. "परत येणाऱ्या प्रकाशावरून गंधकाच्या जोड्या कशा पिळात बसल्यात ते कळतं. मुळाशी केस घट्ट होताना निसर्ग जोडी बांधतो, ती एका ठराविक पिळात बसते. एकदा सुटून परत बांधली की कितीही घट्ट असू दे, तशी बसत नाही."

या यंत्राचं नाव बंधदर्शक. ते निघालं होतं आजार ओळखण्यासाठी, कारण शरीराची दुखणीखुपणी, औषधं, दारू, उपासमार यांच्या खुणा वाढत्या केसाच्या बंधांत राहून जातात. पण माणसं यंत्राला आपल्या कामाला जुंपतातच. विमा कंपन्या केस मागू लागल्या. नोकरी देणारे मागू लागले. मुलगी बघायला येणारी मंडळी कांदेपोह्यांच्या बश्या परत ठेवताना हळूच एक केस मागू लागली. पुण्यात तरुण मुली पुन्हा रुमाल बांधून फिरू लागल्या होत्या, ते उन्हासाठी नव्हे.

"म्हंजी कुनी काय केलं ते समदं दिसतं म्हन की," शालनबाई म्हणाल्या.

"सगळं."

"आन् कुनी मुद्दाम जोडलं आसंल तर?"

"लगेच कळेल. एक केस पुरे." रेवती ताटातला शेवटचा घास घेत म्हणाली. "उद्या तपासणीला तुझे चार केस पडतील ना, ते मी घेणार आहे बरं का. आता नाही म्हणायचं नाही. इतकी वर्षं जगाच्या जटा तपासल्या, घरातली तेवढी राहिलीय."

शालनबाईंनी आमटीची वाटी तोंडाला लावली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. मग म्हणाल्या, "आमटी बाकी झ्याक झालीया."

सोमवारी सकाळी रेवती उठली तेव्हा आई पिशवी भरून दाराशी बसली होती. शेजारणीची म्हैस अडली होती, देवीचा वार चुकत होता, पुण्याचं पाणी सोसत नव्हतं. कारण एक असतं तर रेवतीनं मोडून काढलं असतं. इतक्या कारणांपुढं ती चिडली. पिशवी उचलून ती बसस्थानकापर्यंत पुढं पुढं चालत राहिली.

"या जटेपायी जीव देशील एक दिवस," बस लागल्यावर रेवती म्हणाली.

"दिला तर दिला. तू येळेवर जेवत जा."

त्याच आठवड्यात, परसात कपडे वाळत घालता घालता शालनबाई कोसळल्या. डॉक्टरांचा संशय खरा होता. तालुक्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

रेवती गावी पोचली तेव्हा आईचं डोकं पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं होतं आणि जट बाजूला, पितळेच्या परातीत. मरून पडलेल्या सापासारखी नव्हे, की कशासारखीच नव्हे. आईच्या डोक्यावर नसलेली आईची जट, एवढंच. तिच्यावर हळदकुंकू वाहिलेलं होतं.

"जट जाळत न्हाईत," बळवंतकाका म्हणाले. हे रेवतीच्या वडिलांचे धाकटे भाऊ; वडील रेवती चार वर्षांची असतानाच गेले होते, आणि तेव्हापासून घरातला कर्ता पुरुष म्हणून काकाच पुढं असत. "ती वहिनीची न्हवं, देवीची. आपुन तिचं ठानं बांधू. माझ्या वाटनीची जागा देतो मी."

जट कापली होती तानूमावशीनं. शालनबाईंची धाकटी बहीण, याच गावात दिलेली. पुढच्या खोलीत तिचं बायकांचं पार्लर होतं. जट उतरवायचा मान दुसऱ्या कुणालाच नसतो, असं ती म्हणाली आणि तिनं कुणाला खोलीत येऊ दिलं नाही. परातीच्या काठावरून मुळाकडचा एक वीतभर तुकडा सुटला होता. रेवतीनं तो उचलला.

"ठेव त्यो," मावशी जवळजवळ ओरडलीच.

"आठवण म्हणून घेतेय गं."

"आठवनीला लुगडं ने, फोटू ने. जट घरात नेत न्हाईत, रेवे."

रेवतीनं तुकडा ओच्यात बांधला. मावशीच्या डोळ्यांतली भीती तिला देवीची वाटली.

*

तो तुकडा यंत्रात घालायचा तिचा विचार नव्हता. पण पुण्यात परतल्यावर तिच्या संशोधन संस्थेतल्या टेबलाच्या खणात तो पडून राहिला, आणि एका दुपारी तिला वाटलं, वीतभर केस म्हणजे दीडेक वर्ष झालं. आईचं शेवटचं दीड वर्ष. कधी डोकं दुखलं, कधी जेवली नाही, कधी झोपली नाही, ते तरी कळेल. तिनं तुकड्यावर नाव घालून तो इरफानकडं दिला. यंत्र चालवायचं काम त्याचं.

संध्याकाळच्या आत इरफान तिच्या दारात उभा होता.

"मॅडम, नमुन्यांची अदलाबदल झालीय. आईंचा म्हणून दिलात तो आपलाच आहे. प्रयोगशाळेत तयार केलेला."

"शक्य नाही. मी गावाहून आणलाय."

"मग हे बघा." त्यानं पडदा तिच्याकडं वळवला. "गंधक, मध्ये कार्बनचा तुकडा, मग गंधक. हा सांधा आपल्या 'जोडण'शिवाय कशानंच होत नाही. अजून बाजारातसुद्धा आलं नाही ते."

जट सोडवण्यासाठी रेवतीनं दोन द्रावणं बनवली होती. पहिलं 'सोडवण': केसांच्या गंधकाच्या गाठी हलकेच ढिल्या करणारं, म्हणजे गुंता बिनत्रासाचा विंचरता यावा. दुसरं 'जोडण': विंचरून झाल्यावर प्रत्येक केसाच्या आतल्या सुटलेल्या गाठी परत बांधणारं, म्हणजे केस तुटू नयेत. गेल्या वर्षी या दोन्हींच्या बाटल्या तिनं स्वतः शिरगुंडीला नेल्या होत्या. आईच्या पुढ्यात ठेवून म्हणाली होती, आधी ही, मग ही. मन झालं की मला फोन कर, मी येते. आईनं दोन्ही बाटल्यांना हात लावून नमस्कार केला होता. रेवतीला ते जरा विनोदी वाटलं होतं.

"आणि गाठी केसाच्या आत नाहीत," इरफान सांगत होता. "शेजारशेजारच्या दोन केसांच्या मध्ये आहेत. एक केस दुसऱ्याला जोडलाय."

कुठलीच जट अशी नसते. जट म्हणजे गुंता. केसावरचे बारीक खवले एकमेकांत अडकतात, वर तेल, धूळ, घाम बसतो आणि लोकरीचं घोंगडं थापावं तसे केस थापले जातात. त्यात केसाचा केसाशी रासायनिक संबंध नसतो. या तुकड्यात होता. मुळाशी नवा केस मोकळा उगवत होता आणि कुणीतरी तो पुनःपुन्हा जटेला जोडून घेत होतं.

"टोकाकडचा भाग?" रेवतीनं विचारलं.

"तो जुना. तिथं आपलं द्रावण नाही. तिथं पार्लरचं औषध आहे, केस कुरळे करायचं. आधी सोडवून, दाबून बांधून, मग पक्कं केलेलं." इरफान थांबला. मग त्याला कळलं असावं. "मॅडम, मी परत एकदा लावून बघू?"

"नको. यंत्र बरोबर आहे."

*

शिरगुंडीत ठाण्याच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. तानूमावशीच्या पार्लरचं दार दिवसाही लावलेलं होतं. रेवतीनं कडी वाजवली, आत गेली आणि पाठीमागं दार लोटून घेतलं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

मावशीनं तिच्याकडं बघितलं, मग आरशातून बघितलं. उगाच कसं, काय, म्हणाली नाही.

"तुजा बा गेला त्या सालापासून. बस खाली."

"मी उभी आहे ती बरी आहे."

"बळवंत दार वाजवायचा," मावशी म्हणाली. "कवा सांजंला, कवा भर दुपारी. वहिनी, भावाचं रान मी बघतो, भावाची बायकूबी मीच बघायची न्हवं? सासू म्हनायची, घरातल्या घरात हाय, गप ऱ्हा. म्हायेरी जावं तर आमचा बा दारात उभं करंना. दोन येळा शालननं तुला काखंला मारलं आन् हिरीवर जाऊन परत आली. मग एक दिस माझ्याकडं आली. म्हनाली, तानू, देवीच्या मानसाला कुनी हात लावत न्हाई नव्हं? तवा मी कोल्हापुरात पार्लरचं काम शिकत हुतो. पयल्यांदा वडाचा चीक लावला. त्यो काय टिकंना. मग आमचं औषिद आनलं. बाई गं, काय वास! कुजक्या अंड्याचा! शालन उदबत्त्या लावून बसायची. आन् सकाळी मळवट भरून अंगनात येऊन उभी ऱ्हायली. त्यो मुडदा बळवंत, जागच्या जागी दंडवत घातला की त्येनं!"

मावशी हसली आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

रेवती हसली नाही. "ते मला कळतं. मी चार वर्षांची होते. पण मी विशीची झाले, तिशीची झाले. मला का नाही सांगितलं?"

"तू शाळंत आसताना घरातलं समदं बाईस्नी सांगायचीस. मोठी झालीस तर सभंत सांगायला लागलीस. तुला खोटं बोलाया येत न्हवतं, म्हनून तुला खरं सांगितलं न्हाई."

सभा. रेवती कितीतरी गावांतून, पडद्यावर आईचा फोटो लावून बोलली होती: ही माझी आई, अंधश्रद्धेची बळी. आवाज किंचित कापायचा तिथं. लोक डोळे पुसायचे.

"तुजी भाषनं मोबाईलवर बगायची की ती," मावशी म्हणाली. "हितं बसून. मी केसाला औषिद लावायची आन् ती तुजं भाषन लावायची. हसायची. म्हनायची, बरी बोलतीया पोरगी."

आतापर्यंत रेवतीनं स्वतःला सावरून धरलं होतं. ती खुर्चीवर बसली. तिला वडाच्या चिकाचा राग आला नव्हता, पार्लरच्या औषधाचाही नाही. पण ते हसू! आईनं गावाला देवी दाखवली आणि लेकीला अडाणी बाई दाखवली. खरी शालन, धीट, चतुर, काळजाची वाघीण, ती तेवढी बहिणीच्या वाट्याला आली होती. आयुष्यभर आपण जिच्याशी भांडलो, जिची कीव केली, जिच्यासाठी संशोधन केलं, ती बाई नव्हतीच कधी.

"आणि माझं जोडण?"

"आगं, त्येला वास येत न्हाई!" मावशी भाबडेपणानं म्हणाली. "शालन म्हनाली, लेकीनं किती सोय केली बग."

मग रेवतीनं तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी ती पुण्याहून निघाली होती.

"तपासणी टाकून ती का आली?"

मावशीनं तोंड फिरवलं.

"मावशी."

"मी म्हनलं तिला. म्हनलं, जीवापरीस काय मोठं न्हाई. म्हनाली, पोरगी केस घेनार हाय. तिच्या मशिनीत एका केसावर समदं दिसतंया. जगानं खोटी म्हनावं, चालंल. तिनं म्हनलेलं न्हाई चालायचं." मावशीचा आवाज फाटला. "म्हैन्याभरानं परत जातो म्हनली हुती. मोकळे, न जोडलेले केस थोडं वाढवून, तेवढेच पुढं करून."

आपल्याला फसवलेलं आपल्याला कळू नये, म्हणून आई मेली होती. रेवतीनं हे वाक्य मनात सरळ करून पाहिलं, उलटं करून पाहिलं. कुठूनही ते धरवत नव्हतं.

*

ती बाहेर आली तर गोठ्याच्या छपराखाली आरोही बसलेली. तानूमावशीची सून. पंचक्रोशीतल्या उसावर औषध फवारणाऱ्या ड्रोनची चालक म्हणून तिचं नाव होतं. सरपंचसुद्धा तिची वेळ घ्यायचे. आता चार पंखांचं यंत्र पोत्याखाली झाकलेलं होतं आणि आरोहीच्या कपाळावर मळवट होता. मानेवर, केसांत, अंगठ्याएवढी जाड एक गाठ.

"शालनमावशी गेल्या आणि पंधरवड्यात मला जट आली," ती म्हणाली. "देवीनं पुढची निवडली म्हणतात. परवा ठाण्यात बसवणार. मग डोंगराच्या पलीकडं जायचं नाही, यंत्राला हात लावायचा नाही."

"तुला काय वाटतं?"

"ताई, मी रोज औषधंच हाताळते. सासूबाईंनी डोक्याला लावलं ते तेल नव्हतं, एवढं कळतंय मला." तिनं दबकत आत बघितलं. "पण मी बोलले तर देवीला खोटं पाडलं म्हणतील. माझी जट आजची. तुमच्या आईची जट जुनी, गावानं मानलेली. ती खोटी ठरली तरच माझी ठरेल. तुम्ही बोललात तर."

"तुझा नवरा?"

"त्यांनी पाया पडायला सुरुवात केलीय," आरोही म्हणाली, आणि त्या दु:खातही तिला फिस्सकन हसू आलं. "आजवर भांडी विसळायला हात पुढं झाला नव्हता!"

मावशी दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"बोल, बोल," ती रेवतीला म्हणाली. "पन आदी एक ऐक. शालन बसायची त्या उंबऱ्यात मारकुटे नवरे चपला काढून, मान खाली घालून उभे ऱ्हायचे. ती म्हनायची, देवी सांगतीया, हिला परत हात लावलास तर बग. आन् ते लावायचे न्हाईत! ते तुजं कायदं न्हाई करू शकलं, पोलीस न्हाई करू शकलं. ती जागा मोकळी ठिवू मी? आन् तिला खोटी पाडून तुला काय मिळनार? बळवंत पयला दगड उचलंल. आईचं नाव मातीत घालशील व्हय गं?"

मावशी चूक नव्हती आणि आरोहीच्या मानेवरची गाठही खोटी नव्हती. ती आपल्याच प्रयोगशाळेत बांधलेल्या गाठीसारखी घट्ट होती.

*

ठाण्याच्या दिवशी सगळं गाव जमलं. वाजंत्री होती, मांडव होता. पितळेच्या परातीत जट ठेवली होती, तेल लावून चकचकीत केलेली. बळवंतकाका पहिल्या रांगेत पांढरंशुभ्र धोतर नेसून, हात जोडून बसले होते. आरोही पाटावर, मान खाली.

रिवाज असा, की गेलेल्या देवमाणसाच्या लेकीनं नव्या देवमाणसाची ओटी भरायची. लेकीनं ओटी भरली की मान पुढं गेला. ती भरली नाही तर कुणीच कुणाला बसवू शकत नाही.

मावशीनं खण-नारळाचं ताट रेवतीच्या हातात दिलं. हात सोडताना तिनं ते क्षणभर घट्ट धरून ठेवलं.

"भर गं रेवती," बळवंतकाका म्हणाले. "वहिनीचा आत्मा बगतोय."

रेवती पाटापर्यंत गेली. आरोहीनं वर बघितलं नाही, पण पदराची झोळी पुढं करण्यासाठी तिचे हात उचललेही गेले नाहीत. ते मांडीवर मुठी आवळून पडून होते. रेवतीनं ताट जमिनीवर ठेवलं.

"मी ओटी भरणार नाही," ती म्हणाली. वाजंत्री चालू होती, म्हणून तिला पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा वाजंत्री थांबली.

"ही जट देवीनं दिली नव्हती. माझ्या आईनं ती स्वतः केली होती. आधी वडाच्या चिकानं, मग पार्लरच्या औषधानं, शेवटी माझ्या औषधानं. मी तपासलंय. आरोहीची पण तशीच केलेली आहे, आणि ती मी आज संध्याकाळी सोडवून देणार आहे, तिनं हो म्हटलं तर."

मांडवात मागून एक बाई ओरडली, "जीभ झडंल!" कुणी उठलं, कुणी बसवलं.

"घ्या! शिकून हे शिकली," बळवंतकाका उभे राहिले. "आईला ठग म्हनतीया. का केलं आसंल तिनं, ते बी सांग की मग!"

रेवतीनं त्यांच्याकडं बघितलं. लहानपणापासून हे हात तिला जटेपुढं जोडलेलेच दिसले होते.

"काका, आमच्या घराला कडी होती, आणि ती कोण वाजवायचं, हे माहीत असलेली तीनच माणसं उरली होती. एक गेलं. तानूमावशी इथं आहे. तिसऱ्यानं खाली बसावं."

काका उभेच राहिले. पण त्यांचे जोडलेले हात सुटले आणि त्यांचं काय करावं ते त्यांना कळेना. रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. त्यांतल्या एकीनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि सावकाश मान हलवली, जशी फार जुनी, ठाऊक असलेली गोष्ट कुणी शेवटी बोलावी तशी.

"तिनं खोटं सांगितलं," रेवती म्हणाली, "आणि त्या खोट्याच्या आड मला वाढवलं. तुमच्यातल्या कितीजणी तिच्या उंबऱ्यात येऊन मार खायच्या वाचल्या, ते तुम्हांला माहीत. ते देवीनं नाही केलं. एका बाईनं केलं, जिला दुसरा रस्ता ठेवला नव्हता. तिला मान द्यायचा तर त्या बाईला द्या. आरोहीला जटेत बांधू नका."

आरोही पाटावरून उठली. कुणी तिला अडवलं नाही. ती मावशीशेजारी जाऊन उभी राहिली, आणि मावशीनं, काय वाटलं कुणास ठाऊक, सुनेच्या कपाळावरचा मळवट आपल्या पदरानं पुसायला सुरुवात केली.

बोलायचं ते बोलून झालं होतं. रेवतीनं परतायला हवं होतं. पण ती परातीजवळ गेली आणि खाली बसली. इतकी वर्षं जगभरच्या जटा हाताळल्या, ही एकच कधी अख्खी हातात आली नव्हती. आई हात लावू देत नसे. ती तिनं दोन्ही हातांनी उचलली. वाटली होती त्यापेक्षा जड होती. तेलाखाली, हळदीखाली, पार्लरच्या जुन्या औषधाखाली, कुठंतरी आईच्या डोक्याचा वास होता.

मांडव शांत होता, म्हणून तिचं हळू बोलणंही शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"मला सांगायचंस गं," ती म्हणाली. "मी कुणाला सांगितलं नसतं, आई."